आधी बूट, मग सॅल्यूट: एनसीसीच्या नव्या कॅडेटसाठी, पहिल्या परेडपासून पहिल्या कॅम्पपर्यंत

दर पावसाळ्यात नवी भरती मैदानावर उभी राहते आणि जमेल त्या रविवारी मी जुन्या कॉलेजात जाऊन बघतो. चित्र दर वर्षी तेच असतं. सगळ्यांना सॅल्यूट येतो, निदान त्यांना तसं वाटतं. फोटोही काढून झालेले असतात. पण बुटाची नाडी लोंबत असते, बेरे कॅप डोक्यावर घावनासारखी पसरलेली असते, आणि "उशीर का?" असं विचारलं की एसटीपासून आजीच्या गुडघ्यापर्यंत सगळे दोषी ठरतात. शिकण्याचा क्रमच उलटा झालेला असतो. सॅल्यूट मधला टप्पा आहे. त्याच्या आधी चार गोष्टी येतात आणि त्याच्यानंतरच्या जास्त अवघड आहेत.

खालचा क्रम आर्मी विंगच्या कॅडेटसाठी लिहिला आहे. नेव्हल आणि एअर विंगमध्ये वर्दी, सॅल्यूट आणि हुद्द्यांची नावं वेगळी असतात, बाकी बहुतेक तेच.

## टप्पा १: घड्याळ

परेड सकाळी सातला असेल तर सातला तुम्ही रांगेत, तयार, उभे असायला हवेत. फाटकातून आत शिरायची वेळ सात नव्हे. म्हणजे मैदानावर पावणेसातला. म्हणजे घरून निघायची वेळ तिथून मागे मोजायची, आणि त्यात पंधरा मिनिटं पावसाची आणि पंक्चरची धरायची. मुलं पुढे मोजतात: "सहाला उठतो, साडेसहाला निघतो, पोचेन." ते पोचत नाहीत.

पहिल्या परेडच्या आधी एकदा त्याच वेळी, त्याच रस्त्यानं मैदानापर्यंत जाऊन या. रविवारी पहाटेची पहिली बस बाकीच्या दिवसांसारखी नसते, हे तेव्हाच कळतं.

आणि खाऊन या. रिकाम्या पोटी आलेला कॅडेट तासाभरात डोळे फिरवतो. दोन केळी, दूध, चपाती, काहीही चालेल. नुसता चहा नको.

## टप्पा २: वर्दी, आदल्या रात्री

सकाळी वर्दी फक्त अंगात घालायची. बाकी सगळं रात्री. यात घाई करणारेच सगळ्यात जास्त चुका करतात, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

बेरे कॅप. नवी कॅप तशीच डोक्यावर ठेवली तर ती पापडासारखी उभी राहते. ती बसवावी लागते. कोमट पाण्यात कापड भिजवा. आतली पट्टी शक्यतो कोरडी ठेवा, ती चामड्याची असेल तर आकसते. पाणी दाबून काढा, पिळू नका. ओलीच डोक्यावर घाला: पट्टी सरळ आडवी, भुवईच्या वर साधारण एक इंच, बॅजची जागा डाव्या डोळ्यावर, आणि उरलेलं कापड उजव्या कानाकडे खाली ओढून चापून बसवा. अर्धा तास तशीच राहू द्या. घरचे हसतील. मग काढून एखाद्या उपड्या पातेल्यावर सावलीत वाळवा. एकदा भागत नाही, दोन-तीन वेळा करावं लागतं. बॅज आणि हॅकल (बॅजमागचा तुरा) कॅप वाळल्यावरच लावा. ओल्या कापडावर हॅकलचा रंग उतरू शकतो.

बूट. नाड्या काढा. हे कोणी करत नाही आणि म्हणूनच जिभेवर पांढरी धूळ राहते. कोरड्या ब्रशनं माती काढा, शिवणीतली जुन्या टूथब्रशनं. मग पॉलिशचा अगदी पातळ थर, दहा मिनिटं थांबा, ब्रश. नाकाडावर चमक हवी असेल तर जुन्या बनियनचं कापड बोटाला गुंडाळून, एक थेंब पाणी आणि नखाएवढं पॉलिश घेऊन छोट्या गोलांत फिरवत राहा. पहिली दहा मिनिटं काहीच दिसत नाही आणि तिथेच मुलं सोडून देतात. जाड थर देऊन मेणबत्तीवर वितळवणारे महाभाग असतात. त्याला परेडमध्ये तडे जातात आणि बूट पाल कात टाकते तसे दिसतात.

पट्ट्याचं बक्कल. ब्रासो (पितळ घासायचं पॉलिश) लावण्याआधी जाड पुठ्ठ्याला बक्कलच्या मापाची फट पाडून तो मागे सरकवा. नाहीतर पट्ट्यावर पांढरे डाग पडतात आणि ते जात नाहीत.

इस्त्री. खाकी टेरीकॉटवर तापलेली इस्त्री थेट फिरवली की कापड चकाकतं, आणि ती चकाकी कायमची. वरून ओला सुती रुमाल घाला. बाहीची घडी एकच असायला हवी. दोन घड्या लांबूनही दिसतात.

केस, नखं, दाढी रात्रीच. मुलींनी अंबाडा जाळीत बसवून काळ्या पिनांनी पक्का करावा. गंडेदोरे, कडं, साखळी, इअरबड घरी. शीख कॅडेटचे केस, दाढी आणि कडं याला अपवाद आहेत, हे वेगळं सांगायला नको; पण एकदा एका हुशार सीनियरला सांगावं लागलं होतं.

> तपासा: आरशासमोर नको, दुसऱ्या माणसासमोर उभे राहा. मागची कॉलर, पट्ट्याखालून निघालेला शर्ट आणि टाचेवरची माती आरशात दिसत नाही.

> सावध: वर्दी अर्धी घालायची नाही. वर जॅकेट आणि खाली खाकी, किंवा पूर्ण वर्दी आणि डोकं उघडं ठेवून वडापावच्या गाडीवर, हे बंद. खिशात हात नको, छत्री नको. रील तर नकोच. भूक लागली असेल तर घरी जा, कपडे बदला, मग खा.

## टप्पा ३: नुसतं उभं राहणं

'सावधान' म्हणजे टाचा जुळलेल्या, पंज्यांमध्ये ३० अंशांचा कोन, गुडघे ताणलेले, मुठी बंद, अंगठे पुढे आणि पँटच्या शिवणीला टेकलेले, नजर समोर. 'विश्राम' म्हणजे डावा पाय १२ इंच बाजूला, हात मागे, डाव्या तळहातावर उजवा. पुस्तकात दोन ओळी, मैदानावर दोन महिने.

मुख्य चूक नजरेची. उस्ताद (कवायत शिकवणारा हवालदार) समोरून चालत गेला की पंचवीस जोडी डोळे त्याच्याबरोबर चालतात. समोर एक झाड किंवा खांब निवडा आणि तो सोडू नका. दुसरी चूक हुकमाच्या आधी हलण्याची. हुकमाचे दोन भाग असतात: 'पीछे' हा इशारा, 'मुड़' वर कृती. जो 'पीछे' ऐकून वळतो तो हुशार नसतो, अधीर असतो, आणि त्याच्यामुळे सगळी रांग ढासळते.

> सावध: बराच वेळ सावधान असताना बुटाच्या आत बोटं हलवत राहा, बाहेर दिसत नाही. डोळ्यापुढे अंधारी, कानात आवाज, थंड घाम यातलं काही सुरू झालं तर शौर्य दाखवू नका. शेजाऱ्याला सांगा आणि खाली बसा. उभ्यानं तोंडावर पडून दात गेलेला मी पाहिला आहे. बसल्याबद्दल कोणी काही बोललं नसतं.

## टप्पा ४: कोणाला काय म्हणायचं

इथे गोंधळ फार. घरी सगळे काका, शाळेत सगळे सर, म्हणून इथेही सगळे सर, असं चालत नाही.

हवालदार शिकवत असेल तर तो 'उस्ताद'. नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर हे 'साहब'. 'साहब' हा 'सर'चा धाकटा भाऊ नव्हे. वीस-पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर मिळालेलं ते संबोधन आहे, आणि त्याऐवजी 'सर' म्हणालात तर सुभेदार साहब तुम्हाला स्वतःच दुरुस्त करतील. कमिशन (अधिकारी म्हणून मिळालेली नेमणूक) असलेला अधिकारी 'सर' किंवा 'श्रीमान', महिला अधिकारी 'मॅडम'. तुमचे एएनओ (एनसीसी सांभाळणारे कॉलेजातले शिक्षक) एरवी तुम्हाला रसायनशास्त्र शिकवत असतील, पण वर्दीत ते लेफ्टनंट किंवा कॅप्टन आहेत. मैदानावर लॅबमधली सलगी नको.

भेटल्यावर, निघताना, फोन उचलल्यावर 'जय हिन्द'. 'गुड मॉर्निंग' नाही, 'हाय' नाही, आणि 'जय हिन्द' ओठांत पुटपुटायचं नाही.

सीनियर अंडर ऑफिसर, सार्जंट, कॉर्पोरल या कॅडेट रँक आहेत. त्यांचा हुकूम परेडवर पाळायचा, पण त्यांना सॅल्यूट नाही. 'जय हिन्द' पुरे.

## टप्पा ५: आता सॅल्यूट

सॅल्यूट राष्ट्रपतींनी दिलेल्या कमिशनला असतो, माणसाला नाही. हे एकदा डोक्यात शिरलं की "त्या सरांना का करू, ते मला आवडत नाहीत" हा प्रश्न उरत नाही.

क्रम असा. आधी सावधान, चालताना असाल तर शरीर ताठ, नजर अधिकाऱ्याकडे. उजवा हात बाजूनं खांद्याच्या उंचीपर्यंत वर, तिथून कोपरात वाकवून कपाळाकडे. दंड जमिनीला समांतर. मनगट सरळ, बोटं आणि अंगठा जुळलेले, तळवा समोर, मधल्या बोटाचं टोक उजव्या भुवईपाशी. मनात 'एक, दो-तीन, एक' मोजा. खाली येताना सगळ्यात जवळच्या वाटेनं सरळ खाली आणि मूठ बंद. जाताना लांबची वाट, येताना जवळची.

पाच जणांपैकी चार जण कोपर पुढे आणतात. भिंतीला पाठ लावून उभे राहा आणि सॅल्यूट करा. कोपर भिंतीपासून सुटलं तर चुकलं. दुसरी खोड म्हणजे हाताला भेटायला डोकं खाली नेणं. डोकं हलत नाही, हात जातो.

नौदलाच्या सॅल्यूटमध्ये तळवा खाली असतो, हवाई दलाच्या सॅल्यूटमध्ये तो ४५ अंशांत. आपल्या विंगचा करा, सिनेमातला नको.

डोक्यावर कॅप नसेल तर सॅल्यूट नाही. सावधान व्हायचं आणि स्पष्ट 'जय हिन्द'. हातात सामान असेल तरी तेच. जीन्स-टीशर्टमध्ये बाजारात अधिकारी दिसले म्हणून भाजीची पिशवी सांभाळत कडक सॅल्यूट ठोकणारा मी होतो. आमच्या कॅप्टन साहेबांनी "जय हिन्द बेटा, टोमॅटो पडले" एवढंच म्हटलं होतं.

## टप्पा ६: रिपोर्ट, आणि चूक सांगणं

इथपर्यंतचं सगळं सरावानं येतं. इथून पुढे कॅडेट कळतो.

अधिकाऱ्याच्या खोलीत जाण्याआधी दारात थांबा, कॅप आणि पट्टा चाचपा, वाक्य मनात जुळवा. मग परवानगी, आत तीन पावलं, सॅल्यूट, आणि बोलायला सुरुवात. नाव, प्लॅटून (तुमची तुकडी), काम. एवढ्याच क्रमानं. "जय हिन्द श्रीमान, कॅडेट अमुक, दोन नंबर प्लॅटून, कॅम्पचा फॉर्म उद्यापर्यंत देण्याची परवानगी हवी." प्रस्तावना नको. मुलं उलटं करतात: आधी आईचं आजारपण, मग झेरॉक्सवाला, मग पाऊस, आणि शेवटी काम.

एनसीसीच्या शिस्तीची चार सूत्रं सगळ्यांना पाठ असतात: हसत आज्ञा पाळा, वेळ पाळा, कुरकुर न करता कष्ट करा, सबबी सांगू नका आणि खोटं बोलू नका. परीक्षेत चौथं सूत्र सगळे लिहितात. मैदानावर ते पहिल्या अर्ध्या मिनिटात मोडतं, कारण सबब खोटी असावीच लागते असं नाही. बस खरंच चुकलेली असते. तरी ती सबबच.

चूक सांगायची पद्धत अशी ठेवा:

१. काय झालं. "मी वीस मिनिटं उशिरा आलो."
२. जबाबदारी. "चूक माझी."
३. पुढे काय. "उद्यापासून आधीची बस पकडतो."

मग गप्प. गप्प बसणं सगळ्यात अवघड आहे. कारण विचारलं तरच सांगा, एका वाक्यात. आणि हे दुसऱ्यांना शोधत फिरावं लागण्याआधी सांगा. पट्टा हरवला हे तुम्ही येऊन सांगितलंत तर तो हरवलेला पट्टा आहे. तपासणीत सापडलं तर ती लपवालपवी आहे.

> तपासा: तुमच्या वाक्यात 'पण' आला का? आला असेल तर पुन्हा जुळवा.

### हजेरीचं काय

ए, बी, सी प्रमाणपत्रांच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते, म्हणून हजेरीवर सगळ्यांचे डोळे असतात. हजेरीची वही सहसा कॅडेट एनसीओकडे (सार्जंट, कॉर्पोरल यांच्याकडे) असते. माझ्याकडे होती. दुसऱ्या वर्षाला, बाहीवरच्या नवीन रँकच्या पट्ट्यांच्या तोऱ्यात, मी चार मित्रांची हजेरी लावली. परेड संपली, नाश्ता आला: वहीप्रमाणे ३८ पाकिटं, रांगेत ३४ पोरं. उस्तादनं चार सामोसे माझ्या हातात ठेवले आणि म्हणाला, "खिला दो उनको." मी मैदानाच्या मधोमध चार सामोसे धरून उभा. पट्ट्या दुसऱ्या आठवड्यात उतरल्या, आणि बरोबर उतरल्या.

मित्र हजेरी लावायला सांगेल. नाही म्हणण्याचं वाक्य आधीच तयार ठेवा, ऐन वेळी सुचत नाही. माझं नंतरचं वाक्य होतं, "वही उस्ताद मोजतो." पुरेसं होतं.

## टप्पा ७: फायरिंग रेंज

पॉइंट टू-टू रायफल, २५ यार्ड. यात नेम सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे. रेंजवर तीन गोष्टी कधीच नाहीत: हुकमाशिवाय रायफलला हात लावणं, नळी टार्गेटशिवाय कुठेही वळवणं, आणि मागे वळून मित्राला किती लागल्या ते विचारणं. रायफल अडली तर स्वतः खटपट नको; नळी समोर तशीच ठेवून हात वर करा.

मग खोखे, म्हणजे उडालेल्या गोळ्यांची आवरणं. जेवढ्या गोळ्या दिल्या तेवढे रिकामे खोखे परत मोजून घेतले जातात, आणि शेवटी प्रत्येक जण आपल्याजवळ राउंड (गोळी) किंवा खोखा नाही असं तोंडानं जाहीर करतो. दर काही वर्षांनी कोणीतरी आठवण म्हणून एक खिशात घालतो. आमच्या वेळी दीड तास सगळे गवतात गुडघ्यांवर शोधत होते, ज्याच्या खिशात होता तोही. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यानं काढून दिला. त्यानं आधी जाहीर केलेलं ते वाक्य नंतर वर्षभर कोणी विसरलं नाही.

> तपासा: जाहीर करण्याआधी खिसे खरंच उलटे करा. शर्टाच्या खिशात खोखा उडून पडतो, तो तुमच्या नकळत आलेला असू शकतो.

## टप्पा ८: पहिला कॅम्प

वार्षिक कॅम्प साधारण दहा दिवसांचा. कागद आधी: पालकांचं संमतीपत्र, वैद्यकीय प्रमाणपत्र, ओळखपत्र, आणि तुमचं युनिट मागेल ते. फॉर्म युनिटकडूनच घ्या. व्हॉट्सअॅपवर फिरणारा मागच्या वर्षीचा, किंवा दुसऱ्या संचालनालयाचा चालत नाही. गोव्यातली युनिटं कर्नाटक-गोवा संचालनालयाखाली येतात आणि सावंतवाडीच्या मावसभावाचा फॉर्म पणजीत उपयोगी पडेलच असं नाही. दमा, फिट्स, अॅलर्जी असेल तर लिहा. न लिहिल्यानं तुम्ही कणखर ठरत नाही, तुमच्या तंबूतली मुलं रात्री दोन वाजता घाबरतात.

सामान: ताट, मग, मच्छरदाणी, टॉर्च, कुलूप, सुईदोरा, सुतळी, जुनी वर्तमानपत्रं, सहा जोड मोजे. प्रत्येक वस्तूवर नाव. चाळीस सारखे मग एका नळावर ठेवल्यावर आपला ओळखू येत नाही आणि तिथून 'चोरी'ची पहिली अफवा सुरू होते.

दिवसाचा क्रम तुम्हाला सांगितला जाईलच. लक्षात ठेवायची गोष्ट जेवणाच्या रांगेतली: सीनियर असाल तर मागे उभे राहा. पहिल्या वर्षाची मुलं आधी, रँकवाले शेवटी. भाजी संपली तर ती तुमच्यावर संपू दे.

रात्रीच्या सेंट्री ड्यूटीला, म्हणजे पहाऱ्याला, झोप येणारच. बसू नका, टेकू नका. पुढच्याला दहा मिनिटं आधी उठवा, तो बूट घालून उभा राहीपर्यंत जागा सोडू नका, आणि काय पाहिलं ते सांगून जा. झोप लागली आणि पकडले गेलात तर टप्पा सहा आठवा: "मी झोपलो होतो." डोळे मिटून विचार करत होतो, हे कोणाही उस्तादला नवीन नाही.

> सावध: रगडा (शिक्षा म्हणून घेतलेली मेहनत) आणि छळ यात फरक आहे. चुकल्यावर उस्तादनं मैदानाला चक्कर मारायला लावणं सगळ्यांसमोर होतं आणि संपतं. सीनियरनं रात्री तंबूत बोलावून कपडे धुवायला लावणं, पैसे मागणं, हात उगारणं ही लष्करी प्रथा नाही, ती कुठल्याच पुस्तकात नाही. एएनओंना सांगा, त्याच दिवशी, रिपोर्टच्या त्याच क्रमानं: नाव, प्लॅटून, काय झालं. शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या बाबतीत होत असेल तर तुम्ही जाऊन सांगा. तो बहुतेक सांगणार नाही.

शेवटच्या दिवशी तंबू पाडताना निम्मी मुलं फोटोत असतात. खुंट्या मोजून पोत्यात भरा, दोर गुंडाळा, सतरंजी झटका, उधार घेतलेली टॉर्च परत करा. घरी आल्यावर आधी बूट: माती ओली असतानाच काढा, नाड्या सोडा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि सावलीत दोन दिवस ठेवा. उन्हात ठेवलेत तर रविवारपर्यंत चामडं तडकलेलं असेल, आणि रविवारी सातला परेड आहे.